बॉनेटवरचा हात

सन्माननीय अध्यक्षमहाराज श्रीयुत बाबारावजी वकीलसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या वेणा मोटर सर्व्हिस कंपनीचे संस्थापक श्रीयुत रुपरावजी चरडे, सौभाग्यवती रंभाबाई, संचालक मंडळातील वडीलधारी मंडळी, काटोल, नरखेड आणि कुहीहून मुद्दाम आलेले पाहुणे, समोर बसलेल्या माताभगिनी, आणि ड्रायव्हर, कंडक्टर, क्लीनर, वर्कशॉपातले माझे सोबती. जागा न मिळाल्यामुळे जे बाहेर वऱ्हांड्यात उभे आहेत त्यांनाही माझा आदरपूर्वक नमस्कार.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आहे, हे मी पाहिलं. वकिलांना वेळेची किंमत ठाऊक असते. मला भाषणाची सवय नाही. माझं शिक्षण कुहीच्या शाळेत झालं तेवढंच; पुढचं सगळं गाडीखाली पाठीवर झोपून शिकलो. त्यामुळे माझी भाषा चुकेल, पण जे सांगेन ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलंच असेल. कानांनी जरा जास्तच. माझे कान तिखट आहेत अशी माझी ख्याती आहे. गाडी चौकात असताना तिचा नंबर सांगतो, असं लोक म्हणतात. लोक वाढवून बोलतात; पण अगदीच खोटं बोलत नाहीत.

मंडळी, उद्यापासून रुपरावजींच्या खुर्चीवर मी बसायचं, असं संचालक मंडळाने ठरवलं आहे. अभिनंदनं पुष्कळ झाली. पण ज्या दिवसापासून हे ठरलं त्या दिवसापासून एक काळजी माझ्या छातीवर बसली होती, आणि ती खुर्चीची नव्हती. रुपरावजी नसताना सकाळी पहिली गाडी निघेल का, एवढीच ती काळजी होती. आपल्याला हसू येईल. पेट्रोल आहे, ड्रायव्हर आहे, उतारू आहेत, मग गाडी का निघणार नाही? कंपनीतली जुनी माणसं मात्र हसणार नाहीत. एके काळी ती निघाली नव्हती.

ती हकीकत आज सांगू का, असं मी परवा रुपरावजींना विचारलं. ते म्हणाले, “सांग गा. माह्या तोंडावर सांगशील तर बरं. मागून सांगशील तर मीठमसाला लावशील.” म्हणून त्यांच्या तोंडावर सांगतो.

कंपनीकडे पहिली गाडी एकच होती. जुनी लॉरी, तिच्यावर लाकडी बॉडी चढवलेली. रुपरावजी स्वतः चालवीत. सकाळी इंजिन सुरू करायचे, बॉनेटवर उघडा तळहात टेकायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. इंजिनची थरथर हाताला कळते. बरी आहे की आजारी आहे, ते मुकाट्याने सांगते. मग तेल पाहायचं, पाणी पाहायचं, खाली वाकून चारही चाकांशी हात घालायचा, ब्रेकच्या सळया हलवून पाहायच्या. रंभाबाई कुंकू लावीत. मग गाडी निघे. यात देवधर्म थोडा, आणि पाहणं पुष्कळ.

पुढे दुसरी गाडी आली, तिसरी आली, नरखेडची संत्र्याची गर्दी आली, काटोलचा बाजार आला. नागपुरात सीताबर्डीवर आपला स्टँड झाला. चालवायला नत्थूजीसारखी माणसं आली. पण रिवाज तोच. मालक येणार, प्रत्येक बॉनेटवर हात ठेवणार, “जा गा” म्हणणार, तेव्हा गाडी हलणार. वर्कशॉपात येई ती बिघडलेली गाडी; चालत्या गाडीकडे पाहायचं ते मालकांनी, अशी वाटणीच पडून गेली होती. आता विचार करा, गाड्या वाढल्या, पण मालकांची सकाळ काही लांब झाली नाही. मग काय झालं असेल? हात राहिला. वाकणं गळालं. एका दिवसात नाही. पावसाळ्यात एकदा, घाईत एकदा, कमरेत उसण भरली म्हणून एकदा. कोणाच्या लक्षातही आलं नाही. उलट त्या हाताचा मान वाढत गेला. उतारूसुद्धा म्हणू लागले, मालकाचा हात लागला, आता भेव नाही.

अशात एका हिवाळ्यात रुपरावजी तापाने पडले. सकाळी स्टँडवर आले नाहीत.

मी वर्कशॉपात होतो. नरखेडची गाडी सुरू झाल्याचं ऐकलं. तिचा आवाज सदरकडे, नरखेडच्या रस्त्याने, विरत जायला हवा. तो गेला उलट्या बाजूला, तलावाकडे. मी हातातला पाना खाली ठेवला. तोवर काटोलची गाडी सुरू झाली, तीही तलावाकडे. मग कुहीची. मी म्हटलं, गाव कुणी हलवलं की काय? सायकल काढली आणि आवाजाच्या मागे निघालो.

तलावापलीकडे महाल वस्तीत रुपरावजींचं घर ज्या बोळात आहे तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. तिथे टांगा शिरला तर भाजीवालीला टोपली उचलावी लागते. त्या बोळात आपल्या कंपनीच्या तीन मोटारी एकामागे एक, उतारूंनी गच्च भरलेल्या, टपावर सामानासकट! मालक स्टँडवर येऊ शकत नाहीत, तर गाडी मालकाकडे नेऊ. हात लावून घेऊ आणि मग नरखेडला जाऊ, असा नत्थूजींनी विचार केला, आणि बाकीच्यांना तो पटला. लोक माड्यांवरून पाहून राहिले होते. कोणी विचारत होतं वरात कोणाची. मागच्या बाकावरची एक म्हातारी नत्थूजींना म्हणाली, “काहून गा, आमाले नरखेडले नेतं का याच्या घरी पाहुणचाराले?” रंभाबाईंनी दार उघडलं, एवढी माणसं पाहिली, आणि काही न विचारता आत जाऊन पाण्याच्या घागरी बाहेर काढल्या. खरोखरच पाहुणचार झाला.

रुपरावजी घोंगडी पांघरून बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, मालक खूश होतील. कोणत्या मालकाचं मन भरून येणार नाही? आपल्या हाताशिवाय आपली गाडी निघत नाही. ती आजारपणात दारात येऊन उभी राहते! खरं सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर ते आलंही होतं. नत्थूजी म्हणाले, “मालक, हात लावून द्या, मंग निघतो.” रुपरावजींनी हात पुढे केला. पण अंगात ताप. हात पोचण्याआधीच ते ओट्याच्या पायरीवर खाली बसले.

बसले म्हणून दिसलं. उभ्या माणसाचे डोळे बॉनेटपाशी असतात. पायरीवर बसलेल्या माणसाचे डोळे चाकापाशी येतात. नरखेडच्या गाडीच्या मागच्या चाकाशी ब्रेकची सळई सुटून खाली लोंबत होती. तिची पिन कधी पडली, देव जाणे. आदल्या दिवशी त्याच गाडीच्या बॉनेटवर त्यांनीच हात ठेवला होता.

त्या गाडीला जाम नदीचा उतार उतरायचा होता. ज्यांनी तो उतार पाहिला आहे त्यांना मी आणखी काही सांगत नाही. पुढच्या बाकावर गोपिका नावाची एक मुलगी बसली होती, तान्हं मूल मांडीवर, माहेरी निघालेली. तिने डोकावून विचारलं, “आता निघते का जी गाडी?”

रुपरावजी तिच्याकडे पाहत राहिले. मग नत्थूजींना अगदी हळू आवाजात म्हणाले, “ब्रेक पाह्यले होते का?”

नत्थूजी म्हणाले, “तुमचा हात लागते ना रोज, मालक.”

“माह्या हाताले ब्रेक दिसते काय गा?”

एवढंच. त्यांनी आवाज चढवला नाही. माझ्या कानांनी आजवर पुष्कळ गोष्टी ऐकल्या. इंजिनं फुटताना ऐकली. पण तो प्रश्न मी विसरलो नाही. तो त्यांनी नत्थूजींना विचारला नव्हता, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. उतारू खाली उतरवले, मी तिथेच बोळात गाडीखाली शिरलो. दुपारी गाड्या सुटल्या, हात न लावता.

आता आपले अध्यक्षमहाराज. तेव्हा ते संचालक मंडळात नवे होते, आणि त्यांच्या डोक्यावर केसही होते. त्यांनी सभेत मुद्दा मांडला, आणि तो चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. ते म्हणाले, मॅनेजिंग डायरेक्टराने स्टँडवर उभं राहू नये. तो तिथे असला की बाकीच्यांचे डोळे मिटतात. त्याने वर ऑफिसात बसावं, धोरण ठरवावं, आणि रोजचं काम ज्याचं त्याला करू द्यावं. ठराव झाला. रुपरावजींनी स्वतः त्याला अनुमोदन दिलं. तळहात पोळलेला माणूस होता तो. त्याला वाटलं, आपण दूर राहिलो की सगळं ठीक होईल.

दूर राहिले. माडीवर पडदे लावले, टेबलावर घंटी ठेवली. मी वर गेलो की दिसत, हात टेबलावर, त्यांचं काय करावं हे न कळल्यासारखे. खालून एखादी गाडी खोकत गेली की त्यांची मान वळे, पण उठत नसत. ठराव म्हणजे ठराव. गाड्यांची तपासणी वर्कशॉपाकडे आली आणि ती चांगली चालली. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते पाण्याच्या रांजणात. काटोलच्या थांब्यावर आपला एक रांजण असे. चैत्राच्या उन्हात अध्यक्षमहाराजांच्या भगिनी सुमतीबाई आपल्या गाडीने प्रवास करीत होत्या. रांजण कोरडा. थांब्यावरच्या माणसाला त्यांनी विचारलं, पाणी का भरलं नाही? तो म्हणाला, “बाई, आता सगळा हुकूम वरून येते. पाण्याचा आला नाही.” माणूस वाईट नव्हता. विहीर पन्नास पावलांच्या आत होती. पण पूर्वी मालक त्या वाटेने येत, रांजणातून ग्लास बुडवून पाणी पीत. ते येणं बंद झालं, आणि कोणी पाहत नाही हे त्याला कळलं. सुमतीबाईंनी घरी येऊन भावाला काय ऐकवलं ते मला ठाऊक नाही. अध्यक्षमहाराज हसून राहिले, म्हणजे त्यांना आठवतं आहे. पुढच्या सभेत तेच उठून म्हणाले, “रुपराव, ठराव माझा होता. आता माझीच विनंती आहे, तुम्ही खाली जा.” असा वकील मी दुसरा पाहिला नाही.

या हॉलात आज कापसाचे जिनवाले आहेत, छापखान्याचे मालक आहेत, गिरणीतली मोठी मंडळी आहेत. हा प्रश्न आपणा सर्वांचा आहे. मालकाने किती जवळ उभं राहावं? फार जवळ उभं राहिलं तर माणसं आपल्या डोळ्यांनी पाहायचं सोडतात. फार दूर गेलं तर रांजण आटतो. मी मिस्त्री माणूस. मला माप विचाराल तर माझ्याजवळ नाही. रुपरावजींनी पुढे जे केलं ते मात्र सांगू शकतो.

ते खाली आले. रोज सकाळी स्टँडवर उभे. पण हात पाठीमागे बांधलेले. पहिल्या दिवशी नत्थूजी सवयीने बॉनेटपाशी जागा करून बाजूला झाले. रुपरावजींचे हात सुटले नाहीत. त्यांनी विचारलं, “आज काय पाह्यलं, नत्थूजी?”

नत्थूजी गडबडले. म्हणाले, सगळं पाहिलं.

“सगळं कोणी पाहत नाही गा. काय पाह्यलं ते सांग.”

नत्थूजी परत गेले, गाडीखाली वाकले, आणि येऊन सांगितलं की डावीकडच्या मागच्या चाकाचा एक नट फिरतो. रुपरावजी म्हणाले, “मंग?” नत्थूजींनी स्वतः पाना घेतला. त्या दिवसापासून आजवर, कंपनीत तोच रिवाज आहे. मालक विचारतो, ज्याची गाडी तो सांगतो. आणि जे सांगितलं ते मालक ऐकतो, अगदी शेवटपर्यंत. ऐकण्याला वेळ लागतो, मंडळी. हात ठेवण्याला लागत नाही.

काटोलला जात तेव्हा रांजणातून पाणी पीत. काही बोलत नसत. कोरडा असला तर रिकामा ग्लास पालथा घालून पुढच्या गाडीने जात. तेवढं पुरे.

आपल्याला वाटेल, हे सोपं आहे. ज्याचे हात कामात वाढले त्याला विचारा. मी वर्कशॉपाचा मुख्य झालो तेव्हा नवा फिटर नट आवळताना दिसला की माझी बोटं आपोआप पुढे जात. रुपरावजींनी एकदा पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “देवराव, तुह्ये कान लय तिखट हायेत. पण तू बोलला की ते पोरं ऐकणं सोडतेत. पहिले त्याले ऐकू दे.” आणि उभे राहिले हात मागे बांधून. मीही बांधले. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लावल्या, रोज नवा बिघाड, रोज नवा उपाय. तेव्हा मालकाने एकट्याने पाहायचं म्हटलं असतं तर कंपनी उरली नसती. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या भट्टीचा डॉक्टर झाला होता. ते शिक्षण स्टँडवर, त्या एका प्रश्नात झालं होतं.

जाम नदीला पूर आला आणि नत्थूजींनी गाडी रपट्यावरून, नदीतल्या त्या बुटक्या पुलावरून, परत फिरवली, तेव्हा आत एक बडे गृहस्थ होते. नाव घेत नाही. त्यांनी नागपूरला येऊन मोठी तक्रार केली, नोकराला एवढी हिंमत कशी? रुपरावजींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की पाणी किती आहे ते रपट्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसतं, मला इथून दिसत नाही. गृहस्थ रागाने गेले. नत्थूजी त्या दिवशी जेवले नाहीत, नोकरी गेली असं समजून बसले होते. त्यांना निरोप गेला, तो एवढाच: उद्या नरखेडची गाडी तुझीच.

तर मग, आपण म्हणाल, एवढं सगळं ठीक आहे, तर देवराव, तुला काळजी कसली होती?

सांगतो. हात मागे बांधले तरी रुपरावजी उभे होते. प्रश्न विचारायला ते होते. ते नसतील तेव्हा काय? पुन्हा तो तलावाचा रस्ता? मला रात्री दिसत होतं, गाड्या महालाकडे निघाल्या आहेत. आणि यांनाही तीच काळजी होती, बोलत नसले तरी. रंभाबाई मला परवा म्हणाल्या, “हे झोपेत ‘जा गा, जा गा’ म्हणते.”

आजची सकाळ त्यांची स्टँडवरची शेवटची. नत्थूजींनी नरखेडच्या गाडीला झेंडूचं तोरण बांधलं होतं. एक हारही आणला होता. मनात एवढंच की आज एकदा, शेवटचं, मालकांनी बॉनेटवर हात ठेवावा. पण घरी पाहुणे जमलेले, नमस्कार चाललेले. रुपरावजींना उशीर झाला. गाडीची वेळ झाली. नत्थूजी फाटकाकडे पाहून राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी बोललो असतो तर, थांबा म्हटलं असतं तरी आणि जा म्हटलं असतं तरी, तो हुकूम झाला असता. मी जीभ दाताखाली धरली.

नत्थूजींनी हार खुंटीला अडकवला. गाडीभोवती एक फेरी घातली. या वयात गुडघे टेकून चारही चाकांशी वाकले. उठले, धोतर झटकलं, आणि कोणाकडेही न पाहता म्हणाले, “पाह्यली.” मग चढले. मी कान देऊन उभा होतो. आवाज सदरकडे गेला, विरत विरत, शेवटपर्यंत सदरकडे.

रुपरावजी टांग्यातून उतरले तेव्हा जागा रिकामी होती. जमिनीवर तेलाचे दोन-चार ठिपके आणि झेंडूच्या पाकळ्या.

त्यांनी विचारलं, “नरखेडची?”

मी म्हटलं, “गेली.”

“कोणाले विचारून?”

“कोणालेच नाही, मालक.”

ते त्या रिकाम्या जागेवर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. ज्या गाडीला आपण जन्म दिला ती आपल्या शेवटच्या दिवशी आपल्यासाठी थांबली नाही. मग त्यांनी पाठीमागचे हात सोडले, पुढे आणले, आणि म्हणाले, “मंग मले आता घरी जाता येते, देवराव.”

मंडळी, या हॉलात आज जे मानपत्र वाचलं गेलं ते सुंदर आहे. पण रुपरावजींचं खरं मानपत्र सकाळीच वाचून झालं, सदरच्या रस्त्यावर.

माझं बोलणं संपत आलं. मागच्या दाराशी संध्याकाळच्या कुहीच्या गाडीचे ड्रायव्हर रामाजी उभे आहेत. मघापासून माझ्याकडे पाहून राहिले आहेत, सभा संपली नाही, उठावं की नाही म्हणून. रामाजी, गाडी पाह्यली का? ... पाह्यली म्हणतात. मग माह्याकडे काहून पाहून राहिले गा?

गेले. बरं झालं.

संचालक मंडळाने माझ्यासारख्या मिस्त्रीवर विश्वास टाकला, रंभाबाईंनी आपल्या घरचा माणूस एवढी वर्षं स्टँडला दिला, आणि आपण सर्वांनी माझी वर्कशॉपात घडलेली भाषा तिच्या खडखडाटासह ऐकून घेतली, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाच्या मानाला कमी पडलं असेल, अध्यक्षमहाराजांच्या केसांबद्दल बोललो ते जास्त झालं असेल, तर ते सगळं माझं अज्ञान समजून पोटात घालावं.

रुपरावजी, आपले कान आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, म्हणून मी सांगतो. बाहेर, शेजारच्या स्टँडवर, कुहीची गाडी सुरू झाली आहे. आवाज स्वच्छ आहे. फाटकातून बाहेर पडली, आणि वळली ती बरोबर कुहीकडेच वळली.

नमस्कार.